वाडग्यातली एलपी

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळत होता. लिहायला बसलं की वाटायचं, आपल्या भंडाऱ्याचा आणि हेवी-सायकेडेलिक संगीताचा काय संबंध? वाचणारे म्हणतील याला ऊन लागलं. पण गेल्या दिवाळीत आत्याकडे गेलो आणि शोकेसमधला तो काळा वाडगा पुन्हा दिसला, तेव्हा ठरवलं की आता लिहूनच टाकायचं. (घरच्या मंडळींनी आधीच सांगून ठेवा, कुणी रागवायचं नाही.)

वाडगा कसला, तर एलपीचा. ज्यांचं लहानपण ऐंशी-नव्वदच्या दशकात गेलं त्यांना आठवेल, जुनी रेकॉर्ड गरम पाण्यात धरायची, मऊ झाली की पातेल्यावर पालथी घालून दाबायची, कडांना चुण्या पडतात, मग झाला फ्लॉवरपॉट नाहीतर फळांचा वाडगा. हॉबी क्लासमध्ये शिकवायचे. आत्याने १९९२च्या उन्हाळ्यात असे तीन वाडगे केले. ट्रंकेतून रेकॉर्ड आणून द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी बाराएक वर्षांचा. लता-रफीच्या काढायच्या नाहीत एवढी अक्कल होती, म्हणून मी ज्यांची कव्हरं फाटलेली होती आणि नावं वाचूनही कळत नव्हती अशा काकाच्या तीन काढल्या. त्यातल्या एकीचं लेबल वाडग्याच्या तळाशी अजून वाचता येतं. त्यावर 'सिमला बीट' लिहिलंय.

हे मला कळायला पुढे पंधरा वर्षं लागली.

सिमला हा सिगारेटचा ब्रँड होता, आणि त्या सिगारेट कंपनीने साठच्या दशकाच्या अखेरीस देशभरातल्या कॉलेजवयीन 'बीट ग्रुप'ची स्पर्धा सुरू केली होती. कलकत्ता, मद्रास, शिलाँग, मुंबई, कुठून कुठून पोरं गिटारी घेऊन यायची. त्यातल्या निवडक बँडांच्या गाण्यांच्या दोन एलपी निघाल्या, एक १९७०ची आणि एक १९७१ची. शिलाँगचे फेंटोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर... हे सगळे त्या पहिल्या एलपीवर आहेत. आज जगभरातले सायकेडेलिक संग्राहक या दोन तबकड्यांच्या मूळ प्रतीसाठी जीव टाकतात. आणि आमच्याकडे त्यातल्या एकीत प्लास्टिकची सफरचंदं. असो.

आता थोडं मागे जातो, कारण रेकॉर्ड या वस्तूशी आपल्या जिल्ह्याचं नातं वाडग्याच्या कितीतरी आधीचं आहे, आणि ते मला फार आवडतं.

एलपीच्या आधी ७८ची तबकडी होती. ती प्लास्टिकची नव्हतीच. ती लाखेची! एमिल बर्लिनरने सुरुवातीला कडक रबराच्या तबकड्या करून पाहिल्या आणि १८९५च्या सुमारास तो लाखेवर आला. तबकडीत साधारण चौथा ते तिसरा हिस्सा लाख, बाकी दगडाची पूड, काजळी आणि थोडा कापसाचा भुसा. आणि जगातली बहुतेक लाख जायची आपल्या देशातून. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर तो इवलासा किडा वस्ती करतो आणि फांदीभोवती राळ सोडतो. पळस-बोरीवरची ती रंगीनी, कुसुमावरची कुसुमी. जुन्या भंडारा जिल्ह्यात, म्हणजे १९९९ साली गोंदिया वेगळा व्हायच्या आधीच्या, हा धंदा चांगलाच चालायचा. होळीच्या आधी नागझिऱ्याच्या रस्त्याला जे पळस पेटल्यासारखे फुलतात, त्यांच्याच भाऊबंदांच्या अंगावरून खरवडलेली राळ परदेशी जायची. कुण्या लंडनवाल्याच्या तबकडीत आपली लाख नेमकी कितीशी गेली हे कोण सांगणार? पण कॅरुसोपासून अब्दुल करीम खाँपर्यंत सगळे एका किड्याच्या थुंकीवर कोरले गेले, हे काय कमी आहे :)

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १९४२ साली रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेच्या वापरात ७० टक्के कपात केली. लाख येणार पूर्वेकडून, आणि समुद्रावर युद्ध. सैनिकांसाठीच्या रेकॉर्ड मग विनाइलवर काढायला लागले. विनाइल फुटत नाही, खरखर कमी, आणि खाचा बारीक पाडता येतात. १९४८च्या जूनमध्ये कोलंबियाने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली. दहा इंची ७८वर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, एलपीवर वीस-बावीस.

माझ्या मते सायकेडेलिक संगीताचा जन्म एलएसडीत जितका आहे तितकाच या वीस मिनिटांत आहे. तीन मिनिटांत माणूस तंद्रीत जात नाही. आपल्याकडे ७८च्या काळात तीन मिनिटांत ख्याल कोंबला गेला, त्याची एक वेगळीच शान आहे, पण तिथे पसरायला जागा नव्हती. १९६८ साली आयर्न बटरफ्लाय या अमेरिकन बँडने सतरा मिनिटांचं एकच गाणं काढलं आणि एलपीची आख्खी बाजू त्याला दिली. ७८वर ते सहा तुकड्यांत तोडावं लागलं असतं. तंद्री लागतेय तोवर उठा, तबकडी उलटा, चावी द्या!

आपल्याकडे मात्र ७८ लवकर मेली नाही. पश्चिमेत ती पन्नासच्या दशकाअखेरीस संपत आली, पण आपल्या खेड्यांत वीज कुठे होती? चावीचा ग्रामोफोन तसाच चालू राहिला आणि त्याला ७८च लागायची. म्हणून साठच्या दशकात भारतात बीटल्ससुद्धा ७८वर निघाले. आज त्या तबकड्या संग्राहकांच्या जगात दंतकथा आहेत. परदेशी मित्राला हे सांगितलं तर त्याचा विश्वास बसत नाही. मला तर यात फार मौज वाटते, इलेक्ट्रिक गिटार ऐकायची आणि तीही विजेशिवाय.

आता 'हेवी'कडे. १३ फेब्रुवारी १९७० रोजी ब्लॅक सॅबथची पहिली एलपी आली. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे मशिनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि पुढे ताण कमी पडावा म्हणून तारा सैल लावल्या. सैल तारा म्हणजे खालचा सूर. पुढच्या पन्नास वर्षांच्या हेवी मेटलला जो जाड, खोल आवाज मिळाला त्यात त्या कारखान्यातल्या अपघाताचा मोठा वाटा आहे.

हे वाचलं तेव्हा मला काकाला हे संगीत का भिडलं असेल ते एकदम समजल्यासारखं झालं. भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव. आमच्या लहानपणीसुद्धा एखाद्या गल्लीतून ठोकण्याचा आवाज यायचा, काकाच्या लहानपणी तर दिवसभर. तिकडे तुमसरकडे मँगनीजच्या खाणी. आणि काका स्वतः जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत. भावगीतं ऐकायला आवडत नव्हती अशातला भाग नाही, पण ज्याच्या कानात दिवसभर धातू वाजतो त्याला गिटारचा फाटलेला आवाज परका वाटत नसावा.

काका १९७१-७२मध्ये नागपूरला शिकायला होता. होस्टेलवर कलकत्त्याहून निघणारं 'ज्युनियर स्टेट्समन' यायचं, पुढे त्याचं नाव नुसतं 'जेएस' झालं. १९६७ ते १९७७, डेसमंड डॉइग संपादक. बेलबॉटम आणि बीट ग्रुप या दोन्हींची बातमी तिथेच मिळायची. मळवलीला लोणावळ्याजवळ १९७१ साली 'स्नेहयात्रा' नावाचा मोठा रॉक महोत्सव झाला तेव्हा काकाचा एक मित्र जाऊन आला होता. काका गेला नाही, परीक्षा होती. (तो अजून म्हणतो, "पेपर तसाही गेलाच होता, जाऊन आलो असतो तं बरं झालं असतं.") सिमला बीटची एलपी त्याच मुंबईकर मित्राने आणून दिलेली.

परदेशी रेकॉर्ड तेव्हा सहज मिळायच्या नाहीत. आयातीवर बंधनं होती, त्यामुळे मिळायचं ते मुख्यतः इथे छापलेलं. एचएमव्ही डमडमला छापायची, पॉलिडोरचं ऑफिस मुंबईत. आणि मुंबई-हावडा लाइनवर मध्ये आपलं भंडारा रोड स्टेशन. दोन्ही टोकांना रेकॉर्ड आणि मध्ये आपण, गाडी दोन मिनिटं थांबणार. सुट्टीत काका मुंबईला गेला की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये बूथमध्ये उभा राहून ऐकायचा, आणि दहा ऐकून एक घ्यायचा. (ते दुकान १९४८ सालचं. फेब्रुवारी २०१६मध्ये बंद झालं, त्या दिवशी मी काकाला फोन केला होता. तो म्हणाला, "दहातली एक घेणारे लोक असले तं दुकान बंदच होईल ना गा.")

मुंबईत त्याच वर्षांत खरी धमाल चालू होती. कुलाब्याला 'स्लिप डिस्क' नावाचा क्लब होता. १९७२च्या ऑक्टोबरमध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट तिथे येऊन चक्क वाजवून गेले. त्याच मुक्कामात त्यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन दोन गाणी रेकॉर्ड केली, ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. कीथ कांगाचा अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट हा बँडही याच स्लिप डिस्कवर वाजवायचा. त्यांची 'ऑब्सेशन ७७' ही एकच एलपी पॉलिडोरने काढली, तीही बँडची खरी उमेदीची वर्षं सरल्यावर, जेव्हा जग डिस्कोकडे वळलं होतं. कुणी फारशी घेतली नाही. २०११ साली लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन या कंपनीने बँडची जुनी रेकॉर्डिंगं शोधून ती पुन्हा काढली आणि मग आपल्याकडच्या पेपरांत लेख आले. आपल्या माळ्यावरच्या वस्तूची किंमत आपल्याला अमेरिकेतून कळते, हे नवीन नाही. चरणजित सिंग यांच्या १९८२च्या सिंथेसायझरवरच्या दहा रागांचंही तेच झालं.

आणि मराठीचं काय? मला हा प्रश्न जास्त छळतो. कलकत्त्यात सत्तरच्या दशकात 'मोहिनेर घोडागुली'ने बंगालीत रॉक गायला सुरुवात केली आणि १९७७ साली रेकॉर्डही काढली. आपल्याकडे तसा माणूस होता, नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा, म्हणजे मराठी रंगभूमी घरातच. वेल्वेट फॉग या मुंबईच्या बँडचा गायक. अलेक पदमसींच्या १९७४च्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास तोच. १९७८ला जब्बार पटेलांनी पुलंचं 'तीन पैशाचा तमाशा' केलं त्यात नंदू भेंडे होते आणि पाश्चात्य ढंगाची गाणी मराठीत, मराठी प्रेक्षकांसमोर, खुलेआम गात होते. मला वाटतं तिथून एक वाट फुटू शकली असती. फुटली नाही. नंदू भेंडे एप्रिल २०१४मध्ये गेले. पुढच्या पिढीत १९८८ला रॉक मशीनची 'रॉक अँड रोल रेनेगेड' आली, गिटारवर महेश टिनईकर, पण शब्द सगळे इंग्रजी. आम्ही मराठी पोरं गिटार वाजवू, पण मराठीतून ओरडायची लाज. बरं, ओरडणं आपल्याला अपरिचित आहे का? आमच्याकडच्या खडी गंमतीत आणि दंडारीत रात्रभर जो आवाज लागतो तो कुठल्याही अ‍ॅम्प्लिफायरला भारी पडेल.

'भारी' वरून आठवलं. आता काकाच्या वहीकडे येतो, खरं तर तिच्यासाठीच हे सगळं लिहितोय.

वाडग्यांचा शोध लागल्यावर मी नागपूरच्या कबाड्यांकडून, चोर बाजारातून, कुठून कुठून रेकॉर्ड जमवायला लागलो. टर्नटेबल घेतलं. काकाच्या ट्रंकेत उरलेल्या चाळीसेक रेकॉर्ड तपासल्या तर निम्म्या वाकड्या. टिनाच्या छपराखालचा माळा आणि विदर्भाचा मे महिना, दुसरं काय होणार! सुई त्यांच्यावरून बोटीसारखी वर-खाली होते. पण ट्रंकेच्या तळाशी एक लांब हिशेबाची वही सापडली. प्रत्येक रेकॉर्डला एक पान. तारीख, कुठे घेतली, किती रुपये, आणि खाली गाणं-गाणं करत मराठीत परीक्षण! शेवटी दहापैकी मार्क.

मराठीत या संगीताला शब्द नव्हतेच, म्हणून काकाने स्वतःचे केले होते. फझ गिटारला 'करवत'. ड्रम जोरात असले की 'घण चांगला'. बेसला 'खालचं'. हेवीला 'भारी', आणि ते वाचताना वजनदार की उत्तम हे कळत नाही, बहुधा दोन्ही. एका पानावर लिहिलंय, "दुसरी बाजू शेवटचे गाणे : करवत बोथट. सुरवातीला घेतले असते तर बरे." हे वाचून मी उडालोच, कारण हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण आतल्या बाजूला वर्तुळ लहान होत जातं, म्हणजे त्याच सेकंदाला सुईखालून कमी लांबीची खाच जाते. वरचे बारीक सूर तिथे नीट कोरले जात नाहीत, आवाज मळतो. आणि 'खालच्या'ची वेगळीच अडचण. खर्जाला सुई डाव्या-उजव्या बाजूला फार झुलते, खाच रुंद होते, रेकॉर्डवर जागा पुरत नाही. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि ऐकताना अ‍ॅम्प्लिफायर तो परत वाढवतो. याचं प्रमाण १९५४ला ठरलं. बाजू जितकी लांब तितक्या खाचा अरुंद आणि आवाज बारीक. हेवी बँडाने एका बाजूवर पंचवीस मिनिटं कोंबली की त्याचा घण हातोडीवर येतो. काकाला यातलं काही माहीत नव्हतं, त्याने नुसत्या कानाने पकडलं होतं.

सिमला बीटचं पानही आहे. १२ ओळी. "सर्व मुले आपल्याच वयाची" हे वाक्य अधोरेखित. मार्क नऊ. वहीतले सर्वांत जास्त.

ते पान वाचलं त्या दिवशी मी जेवलो नाही नीट. परीक्षण शिल्लक आणि रेकॉर्डचा वाडगा, आणि तो करायला रेकॉर्ड आणून देणारा मी. काका १९९२ला काही बोलला नव्हता. वाडगा बघून फक्त "चांगला झाला" म्हणाला होता आणि अंगणात जाऊन बसला होता. मला तेव्हा वाटलं त्याला खरंच आवडला. त्यानंतर त्याने नवीन रेकॉर्ड घेतली नाही. आता तोवर कॅसेटचंच राज्य आलं होतं आणि एलपी बाजारातून जायच्याच बेतात होत्या, तेव्हा सगळा दोष माझ्याकडे येत नाही असं मी स्वतःला सांगतो. पण वहीतलं शेवटचं पान १९९१चं आहे.

मग परदेशात पुन्हा छापलेली सिमला बीट मिळवली. मूळ प्रत नव्हे, पण आवाज तोच. यंदा जानेवारीत भंडाऱ्याला घेऊन गेलो. काका आता पंचाहत्तरीला आलाय, डाव्या कानाने कमी ऐकतो. उजवा कान स्पीकरकडे करून बसला. पहिलं गाणं संपेपर्यंत मान हलवत होता, मग हलवायची थांबला.

"हे इतकं हळू होतं का गा?"

मी म्हटलं, "काका, स्पीड बरोबर आहे, तेहतीसच."

"स्पीडचं नाही म्हणत मी. तेव्हा घर हालायचं."

आवाज वाढवला. दुसरी बाजू लावली. काका बोलला नाही, पण मधेच एकदा बोट वर करून "करवत" म्हणाला. संपल्यावर त्याने वही मागितली, चष्मा लावला, ते पान काढलं. बराच वेळ वाचत बसला. मग माझं पेन घेतलं, नऊ खोडून सात केले, बाजूला तारीख घातली आणि वही मला दिली. मी म्हटलं, दोन मार्क कशाचे कापले? तर म्हणे, "ड्रमवाला कच्चा आहे. तेव्हा समजलं नाही."

संध्याकाळी आत्याला फोन केला, सगळं सांगितलं, आणि भीत भीत वाडग्याबद्दल विचारलं. म्हटलं लेबल तरी काकाजवळ राहील. ती म्हणाली, "बाप्पा! तुझ्या काकाने कधी मागितला? त्याने मागितला तर देईन, तुला नाही देणार."

काकाला अजून विचारलेलं नाही.